मानेवरचा ठोका

माझ्या नवऱ्याचं डोकं दगडाचं आहे, असं आमचे थोरले दीर जगाला कौतुकाने सांगत फिरतात. स्वतःचं डोकं मात्र त्यांनी उभ्या जन्मात कुणाच्या ठोशापुढे धरलं नाही. ते कोच ना! दोरांच्या बाहेर उभं राहून "हात वर! हात वर!" ओरडायला काय जातं? डोकं धाकट्या भावाचं, नाव ह्यांचं.

लोक नवऱ्याला 'खडक' म्हणतात. कितीही मारा, पडत नाही. त्याच्या लढती आता कमी झाल्यात, पण दिरांना नवे बॉक्सर तयार करायचे असतात, म्हणून रोज संध्याकाळी ती नवी पोरं जिममध्ये ह्याच्याच डोक्यावर हात साफ करतात. दिरांचं म्हणणं, सरावाचे ठोसे काय मोजायचे! डोक्याला कुठे कळतं हो, हा सराव आहे म्हणून?

गेल्या आठवड्यात हा आमच्या एकुलत्या एका लेकीला आणायला शाळेत गेला. मी पलीकडच्या दुकानातून बघत होते. पोरगी फाटकातून धावत आली, ह्याच्यासमोर उभी राहिली. ह्याने तिच्याकडे पाहिलं, जरा बाजूला सरकला आणि मागून येणाऱ्या पोरींमध्ये तिला शोधत बसला. "बाबा, मी आहे ना," ती म्हणाली. तेव्हाच मी ठरवलं, रविवारी ठरलेली ह्याची लढत होऊ द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी जिममध्ये जाऊन दिरांना तोंडावर सांगितलं.

"विसरतो म्हणे!" ते हसले. "मीपण चष्मा विसरतो."

"चष्मा विसरता भावजी, पोरगी नाही विसरत."

"लढतीआधी डॉक्टर तपासणार आहेत. त्यांनी पास केलं तर तुझं तोंड बंद?"

"बंद. आणि नापास केलं तर ह्याचे ग्लोव्हज खुंटीला. कायमचे."

नवरा बाकावर बसून हाताला पट्टी गुंडाळत होता. एकच हात, परत परत. "मी बरा आहे गं," तो म्हणाला. "उगीच डोक्यात राख घालून घेऊ नकोस."

"माझ्या डोक्यात निदान राख तरी आहे," मी म्हटलं. "तुझ्या डोक्यात काय उरलंय, ते बघू दे एकदा." बोलले आणि जीभ चावली. पण तो हसला. त्याला बहुतेक कळलंच नाही.

आता ठोक्याचं सांगते. राउंड संपला की बॉक्सर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतो. कानात नुसतं घूंऽऽ, कितवा राउंड झाला ते कळत नाही. म्हणून कोच मागून मान चोळता चोळता अंगठ्याने ठोके देतो. तिसरा झाला तर तीन. त्यात लबाडी नाही, सगळेच देतात. लग्न झालं तेव्हा मला त्याचं केवढं कौतुक होतं! भाऊ असावा तर असा, म्हणायचे.

तपासणी जिममागच्या खोलीत झाली. एक वजनकाटा, एक टेबल आणि घामट चटयांचा वास. डॉक्टर बाई नवीन होत्या. हा स्टुलावर बसला.

"आज तारीख काय?"

"चार."

"मागची लढत किती राउंड चालली?"

"सहा."

"मघाशी टेबलावर मी किती पेनं दाखवली होती?"

"तीन."

अगदी फटाफट. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. सकाळी चहा पिऊन झाल्यावर चहा मागणारा हाच का तो? बाईंनी सहीसाठी पेन उचललं. आणि मग माझं लक्ष मागे गेलं. दीर मायेने धाकट्याची मान चोळत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भावजी, हात काढा."

"अगं, मान आखडलीय त्याची."

"मग मी चोळते. बायको आहे मी त्याची!" त्यांना ढकललं आणि त्यांचा हात परत तिथे येऊ नये म्हणून माझाच पंजा मानेवर ठेवला. "डॉक्टर, आता माझा एक प्रश्न विचारा. त्याला मुलं किती?"

"हा काय प्रश्न झाला?" दीर खेकसले.

"सोपा आहे ना? मग येऊ द्या उत्तर."

बाईंनी विचारलं. त्याने हळूच मान मागे टेकवली, माझ्या तळव्यावर. राउंड संपल्यावर कोपऱ्यात टेकवतो तशी. वाट बघत राहिला.

अंगठा एकदा दाबला असता, तर त्याची लाज राहिली असती. दीर डोळे वटारून मला तेच सांगत होते. मी नाही दाबला. पण संतापाने माझा हात कोपरापासून लटलट कापत होता.

"पाच," नवरा म्हणाला. मग घाईघाईने, "नाही, सात. आठ. नऊ..."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. दीर वजनकाट्याकडे बघायला लागले. मी जिंकले होते. हात काही केल्या थांबत नव्हता.

नवऱ्याने मागे वळून पाहिलं नाही. कोपऱ्यात बोलतो तसा दबक्या आवाजात म्हणाला, "दादा, जरा हळू दे ना. मोजायला जमत नाहीये."