वर कुंकू, खाली गोळ्या

मित्रांनो, मी एक जुना पितळी करंडा आहे, दुमजली. वरच्या कप्प्यात कुंकू राहावे, खालच्यात हळद, अशा बेताने तांबटाने मला घडवले. सावंतवाडीच्या बाजारातून मी विक्रोळीच्या चाळीत आलो तो शकुच्या लग्नात. दर शुक्रवारी ती मला चिंचेने घासायची. शेजारणी म्हणायच्या, "शकु, सोन्याचा केलास की काय गं?" ते ऐकून मला फार बरे वाटे.

शकुची एकुलती लेक मृणालिनी. ती अकरा वर्षांची असताना शाळेत, प्रार्थनेच्या रांगेत, तिला पहिली फिट आली. डॉक्टरांनी समजावून सांगितले की हा मेंदूचा आजार आहे. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि हे कुणाच्या पापाचे फळही नाही. सकाळी एक, रात्री एक गोळी घ्यायची, चुकवायची मात्र नाही. मृणालने कधी चुकवली नाही. फिट थांबल्या. पण शाळेत तिच्या बाकावर शेजारी पुन्हा कुणी बसले नाही. मधल्या सुट्टीत ती एकटीच डबा खायची. शकुच्या काळजात ते रुतून बसले.

म्हणून कांदिवलीच्या हर्षदचे स्थळ जमले तेव्हा शकुने माझ्यातली हळद काढली, मला पुसून कोरडे केले आणि खालच्या कप्प्यात गोळ्या भरल्या.

"कुणाक सांगू नको गो बाय. करंड्यात कोण बघणार?"

"आई, हर्षदला तरी सांगू दे ना."

"संसार रुळू दे आधी. मग सांग."

खोटे कशाला बोलू, तेव्हा मला अभिमानच वाटला. एवढे मोठे गुपित माझ्यावर सोपवले होते!

मृणालची सासू नलिनीबाई. सोमवार, चतुर्थी सगळे पाळणारी, पण घरात कधी आवाज न चढवणारी. एकदा मला हातात घेऊन त्या म्हणाल्या, "खालचं झाकण उघडत नाही का गं?"

"अडकलंय, आई," मृणाल म्हणाली. त्यांनी मला तसेच खाली ठेवले. सुनेच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता.

मग पहिली हरतालिका आली. मृणाल अंघोळीला गेली, तेवढ्यात नलिनीबाईंनी मला उचलून चौरंगावर मांडले. "सूनबाईच्या माहेरचा करंडा. देवीपुढे आज हाच हवा." मृणाल केस पुसत बाहेर आली तर इमारतीतल्या बायका माझ्याभोवती पत्री निवडत बसलेल्या. तिचा हात पुढे आला.

"अगं ए, मांडलेलं हलवू नये!" समोरच्या अनुपमाकाकू म्हणाल्या. "पहिलाच उपास ना? भूक लागली वाटतं आत्तापासून!" सगळ्या हसल्या. मृणालही हसली. हात मागे गेला.

नलिनीबाईंनी मात्र सगळ्यांसमोर आपली बीपीची गोळी पाण्याच्या घोटाबरोबर घेतली. "औषधाला उपास नसतो गं बायांनो. देवीला सगळं कळतं."

मृणालने माझ्याकडे पाहिले. आई, माझीही एक गोळी आहे. एवढे एकच वाक्य. ते तिच्या ओठांपर्यंत आलेले मी पाहिले, आणि परत गेलेलेही पाहिले.

दुपारी आरती चालू असताना ती कोसळली. तिचा हात लागून मी चौरंगावरून गडगडलो, दोन्ही झाकणे उघडली, कुंकू सांडले आणि त्यात पांढऱ्या गोळ्या पसरल्या.

"चप्पल आणा, हुंगवा!"

"चाव्या द्या हातात!"

"अंगात आलंय गं हिच्या!"

चौघींनी तिचे हातपाय दाबून धरले. अनुपमाकाकूंनी दातांत चमचा कोंबला. तिला कुशीवर कुणीच वळवले नाही. नलिनीबाई पुढे झाल्या. "सकाळपासून पाण्याचा थेंब नाही पोरीच्या पोटात," असे म्हणत त्यांनी पंचपात्रीतले तीर्थ तिच्या तोंडात ओतले. किती मायेने ओतले! ते पोटात गेले नाही, मित्रांनो. श्वासनलिकेत गेले.

नवव्या दिवशी इस्पितळात मृणाल गेली.

शकु आली, भिंतीला टेकून बसली. "मीच सांगू नको म्हटलेलं."

नलिनीबाईंनी तिचा हात धरला. "मला सांगितलं असतं, तर पहाटे उठवून मीच दिली असती गोळी. माझ्या हातून पाणी घ्यायचं होतं ना तिला? वेळेवर, गोळीबरोबर दिलं असतं."

आता मी नलिनीबाईंच्या देवघरात असतो. मला चिंच लावत नाहीत, काळा पडलो आहे. खालच्या कप्प्यात मृणालच्या सात गोळ्या आहेत, कुंकवाने लाल झालेल्या. दर हरतालिकेला पूजेआधी नलिनीबाई मला सगळ्यांपुढे उघडून ठेवतात आणि एकेकीला विचारतात, "सकाळचं औषध घेतलंस ना, बाळ? लपवू नकोस हं. इथे कुणी काही म्हणणार नाही." अनुपमाकाकू खाली मान घालून पाण्याचा तांब्या फिरवतात.

मित्रांनो, तुमच्यासमोर कुणाला फिट आली तर हातपाय दाबू नका. तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. आजूबाजूचे लागेल असे सामान सरकवा, हळूच कुशीवर वळवा, फिट थांबत नसेल तर डॉक्टर बोलवा. आणि फिट आलेली ती मुलगी शाळेत परत आली की तिच्या बाकावर जाऊन बसा.

मृणालच्या शेजारी कुणी बसले असते, तर माझ्या पोटात आजही हळदच असती.