मुद्दाम जुनी केलेली भिंत

सुनेने दिवाणखाना इटलीतल्या जुन्या घरांसारखा करायचं मनावर घेतलं, तेव्हा सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "मी बसायचं कुठे?"

"सोफ्यावरच, बाबा. फक्त सोफा भिंतीला चिकटलेला नसेल. तिकडे खोलीच्या मधे बसतात, समोरासमोर. टीव्ही आतल्या खोलीत जाईल."

"समोरासमोर बसून करायचं काय?"

"बोलायचं."

सासऱ्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. समोर धोका दिसला की त्याचा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. आत्ताही त्याने टेबलाखाली पाय दाबला.

सासरे लेकीकडे राहायला गेले आणि इकडे सुनेने पदर खोचला. चष्म्याच्या दुकानातली नोकरी सांभाळून तिने जुन्या सामानाचा बाजार पालथा घातला. कोरीव पायांचा सोफा आणून त्याला गडद लाल मखमल चढवली. संगमरवरी फळीचं बसकं टेबल आलं, सोनेरी चौकटीचा आरसा आला, भाजक्या मातीच्या कुंडीत लिंबाचं झाड आलं. पण तिचा खरा जीव होता समोरच्या भिंतीवर. रंगाऱ्याने तिच्यावर आधी मधाच्या रंगाचा हात दिला, मग विटकरी, मग ओल्या फडक्याने पुसून, मधेच गिलाव्यापर्यंत घासून ती अशी केली, की पिढ्यान्‌पिढ्या ऊन खाल्लेली वाटावी. संध्याकाळी दिवा लागला की ती भिंत उबदार दिसायची. सून नुसती बघत बसायची.

सासरे परतले तेव्हा घरी कोणी नव्हतं. त्यांनी पिशवी ठेवली, भिंत पाहिली आणि कपाळाला हात लावला.

उभा जन्म त्यांनी बसच्या कारखान्यात रंगकाम केलं होतं. पत्र्यात स्वतःचं तोंड दिसल्याशिवाय त्यांनी एकही बस हातावेगळी केली नव्हती. त्यांच्या मनात आलं, पोरं भिडस्त, रंगाऱ्याने चक्क गंडवलंय. लेकरांना बोलता आलं नसेल. त्यांचे हात शिवशिवायला लागले. माळ्यावरून रंगकामाची जुनी पेटी उतरली. त्यांनी भिंत खरवडली, खड्डे भरले, पंखा लावून वाळवली, पॉलिशपेपर मारला आणि वर पांढराशुभ्र हात दिला.

सून घरी आली तेव्हा ते मिशीला रंग लागलेल्या अवस्थेत उभे होते.

"हात फिरवून बघ," ते म्हणाले. "माशी घसरेल."

तिने हात फिरवला. मग ती सोफ्याच्या हातावर बसली. "बाबा, ती मुद्दाम तशी केली होती."

"मुद्दाम भिंत कोण बिघडवतं?"

ती उठून न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावली. सासरे बाहेर अवघडून उभे राहिले. आतून येतंय ते रडणं की हसणं, त्यांना कळेना. खरं तर दोन्ही होतं. तोंड धुऊन ती बाहेर आली.

"तुम्हीच नीट करायची आता."

"म्हणजे नीट बिघडवायची?"

"हो. नीट बिघडवायची."

सुट्टीच्या दिवशी दोघं कामाला लागले. तुळतुळीत रंग घासून काढताना सासऱ्यांचा जीव वरखाली होत होता. पण खरी पंचाईत पुढे झाली. त्यांना वाईट काम जमेचना. फडकं कसंही मारलं तरी डाग एका ओळीत, एका मापाचे उमटत.

"बाबा, हा डाग फार व्यवस्थित आलाय."

"पूस." ते डाव्या हाताने करून बघायला लागले. डावा हातही तितकाच शिस्तीचा निघाला.

"कुणावर तरी चिडून मारा," सून म्हणाली.

"मी कामावर कधी कुणावर चिडलो नाही."

"कधीच नाही?"

सासरे थांबले. फडक्यातून विटकरी पाणी गळत होतं. "आमचा मुकादम होता. एका ओघळासाठी अख्खा दरवाजा पुन्हा रंगवायला लावला, आणि ओघळ त्याच्याच कपातल्या चहाचा होता." त्यांनी फडकं फेकल्यासारखं भिंतीवर मारलं. मस्त, वेडावाकडा, मधेच फिकट होत गेलेला डाग उमटला.

सून मागे सरून बघत राहिली. "अगदी असाच हवा. अजून कोण आहे?"

अजून बरेच निघाले. लग्नात रुसून बसलेला मेहुणा निघाला, उसनी नेलेली शिडी मोडून परत देणारा शेजारी निघाला. प्रत्येकाची गोष्ट सांगत सासरे फडकं मारत होते आणि सून हसून हसून शिडीचा आधार घेत होती. लग्न होऊन आल्यापासून ते तिच्याशी एवढं कधी बोलले नव्हते.

"आईंच्या नावाचा एक?" तिने हळूच विचारलं. सासूबाई आता नव्हत्या.

"तिच्यावर चिडायची माझी काय बिशाद," ते म्हणाले, आणि फडकं पिळून थोडा वेळ मधाचाच रंग लावत राहिले.

शिकवण्या आटपून मुलगा आला तेव्हा भिंत ओली होती. रंगाऱ्याच्या भिंतीपेक्षा ही जरा तापट दिसत होती. सुनेला हीच जास्त आवडली. तिघं मखमली सोफ्यावर टेकले आणि तिने नवऱ्याला सगळा प्रकार सांगितला.

त्याने भिंत नीट न्याहाळली. "यात माझा कुठला?"

सासऱ्यांनी लिंबाच्या कुंडीमागे बोट दाखवलं.

"एवढा मोठा?"

"आधी लहानच होता," ते म्हणाले. "मग एकेक आठवत गेलं."