शेंदराखालचा श्वास

मी एक जुना, फाटका व्हॉल्व्ह आहे, मित्रांनो. तुम्ही मला पाहिलंत तर ओळखणार मात्र नाही. माझ्या अंगावर आता बोटभर जाड शेंदूर चढलाय, पुढ्यात नारळाच्या शेंड्या पडल्यात आणि नांदे गावातले लोक मला हात जोडतात. हसू नका! सांगतो सगळं.

मी जन्मलो कारखान्यात. बशीएवढी गोल टोपी, आत रबराचा पातळ पडदा आणि टोपीला सुईच्या अग्राएवढं भोक. एका डिझेल गाडीच्या इंजिनावर मला बसवलं. इंजिनात वर जाळ होतो, तेव्हा थोडा धूर पिस्टनच्या कडेनं निसटून खाली इंजिनाच्या पोटात उतरतो. पोटात असतं तेल. तिथं धूर कोंडला तर तेल वाट फुटेल तिकडं पळतं. त्यात आमची गाडी टर्बोवाली. टर्बो म्हणजे भारी हावरट पंखा! तो हवा दाबून दाबून इंजिनात कोंबतो, म्हणून धूरही जास्त निसटतो. तो धूर एका नळीतून त्याच टर्बोच्या तोंडाशी न्यायचा आणि पुन्हा जाळायचा, अशी सोय असते. पण टर्बोनं धुराबरोबर तेलही ओढलं तर? म्हणून मधे मी. त्यानं फार ओढलं की माझा पडदा वाट आवळायचा, ओढ कमी झाली की सैल सोडायचा. इंजिनाचा श्वास माझ्या हातात होता म्हणा ना.

पहिला मालक हिंजवडीतला साहेब. वेळच्या वेळी तेल बदलायचा. नंतर गाडी कैलासनं घेतली. त्यानं नांद्यातलं रान बिल्डरला विकलं होतं. रानाच्या बांधावर पिंपळ होता आणि पिंपळाखाली त्यांचा मुंजोबा, शेंदूर फासलेला गोल दगडाचा तांदळा. बिल्डरच्या मशीननं रान सपाट केलं, त्यात तो दगड कुठं गेला ते कुणालाच कळलं नाही. पिंपळ तेवढा सोसायटीच्या गेटापाशी उरला. कैलासची आई गोजराबाई त्या दिवसापासून नीट जेवली नाही.

कैलासला गाडी हौसेची, पण तेल बदलायचा भारी कंटाळा. काळं, आंबट तेल पिऊन पिऊन माझा पडदा कडक झाला आणि एके दिवशी टरकन फाटला. आता बाहेरची हवा त्या बारीक भोकातून आत ओढली जायला लागली. गाडी जागेवर उभी असली की माझ्यातून आवाज यायचा, लांबच लांब, कण्हल्यासारखा. ती माझी हाक होती. पण ऐकणाऱ्यांनी तिचा अर्थ आपल्या परीनं लावला.

गाडी पिंपळापाशी वळताना थांबायची आणि तिथंच मी कण्हायचो. खरं सांगू? तिथं माझा आवाज जास्त चढायचा. का, ते मला आजही ठाऊक नाही.

"कैलास, मुंजोबा रडतोय," गोजराबाई म्हणाली. "त्याचं रान इकून ही गाडी घेतली न्हवं? बसलाय ह्यात येऊन."

"आये, मशीन हाय त्ये. रडतंय कसलं?" कैलास हसला, पण गाडीत एकटा बसायचं टाळायला लागला. त्याची लेक पिंकी तर कानावर हात ठेवायची.

शेवटी अमावास्येला गोजराबाईनं बोनेट उघडायला लावलं. कान देऊन आवाजाची जागा हुडकली. मग तेलात कालवलेला शेंदूर माझ्या टोपीवर थापला, चांगला जाड. भोक बुजलं आणि आवाज बंद!

"शांत झाला गं बाई माझा द्येव," म्हणत तिनं डोळे पुसले. घरात पुरणपोळी झाली. मी आत गुदमरत होतो. भोकातून येणारी हवा थांबली, तशी टर्बोची सगळी ओढ इंजिनाच्या पोटावर आली. फाटक्या पडद्याला ती आवरेना. तेल टर्बोकडं चढायला लागलं.

श्रावणात तिघं ताम्हिणी घाटात निघाली. दुपारीच धुकं असं उतरलं होतं की पुढचा दगड दिसेना. रस्त्यावर फांदी पडलेली पाहून कैलासनं गाडी कडेला घेतली आणि चावी फिरवून काढली.

इंजिन बंद झालं नाही.

चावी त्याच्या हातात होती आणि इंजिन चढत होतं. डिझेल यायचं बंद झालं होतं, पण माझ्या वाटेनं गेलेलं तेलच ते जाळत होतं. इंजिनाचा आरडाओरडा वाढला, पांढरा-निळा धूर धुक्यात मिसळला. कैलासनं मागचं दार उघडलं.

"आये, उतर! पिंकीला दे हिकडं!"

गोजराबाईनं नातीला छातीशी घट्ट धरलं. "त्यो आलाय रं. आता उतरून कुटं जायाचं? पाया पड त्याच्या."

"आज्जे, सोड!" पिंकी रडत होती. म्हातारीची मिठी सुटेना. इंजिन आता फुटणार, हे मला आतून कळत होतं. कैलास पुन्हा पुढं बसला, टॉप गिअर टाकला, ब्रेकवर सगळा भार दिला आणि क्लच सोडला. जबर हिसका बसला आणि इंजिन मेलं. मग इतकी शांतता पसरली की धुक्याचे थेंब पत्र्यावर पडलेले ऐकू आले.

पौडच्या शैलेश मेकॅनिकनं मला उपसून काढलं. "मावशी, पडदा फाटलाय. भोकातनं वारं शिरायचं, त्याचा आवाज. तुमी भोक बुजवलं, आवाज गेला, पर दुखणं तसंच राह्यलं."

"मंग आमी वाचलो कसं?"

"कैलासनं गिअर टाकला म्हून."

"आन् त्याला बुद्दी कुणी दिली?" असं म्हणून तिनं मला पदरात घेतलं. शैलेशनं कपाळावर हात मारला.

तेव्हापासून मी पिंपळाच्या मुळाशी आहे, हरवलेल्या दगडाच्या जागी. लोक नवी गाडी घेतली की आधी माझ्याकडं आणतात. मला मान मिळाला, मित्रांनो, पण हा मान मला नको होता. मला फक्त कुणीतरी ऐकायला हवं होतं.

आज सकाळी गावातल्या बहिरूची गाडी आली. शेजारी त्याची लेक दिशा, मांडीवर डबा. गाडी पिंपळापाशी थांबली आणि कण्हायला लागली. माझाच आवाज तो! मी ओळखला, तिच्याही व्हॉल्व्हचा पडदा फाटला होता.

"थांब रं बहिरू, बोनेट उघड," गोजराबाई म्हणाली आणि तिनं वाटीतल्या शेंदरात बोट बुडवलं.

मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. पण माझंही भोक बुजलेलंच होतं.

गाडी गप्प झाली. बहिरूनं मला हात जोडले, दिशानं डबा सावरला आणि दोघं ताम्हिणीकडं गेली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी त्या रस्त्यावर असाल तर एवढं करा. बोनेटखाली ताजा शेंदूर लावलेली एक गाडी येईल, अगदी शांत. तिला थांबवा. आणि घाट लागायच्या आत तो शेंदूर नखानं खरवडून तिला एकदा रडू द्या.