दोरी कावेरीच्या हातात

आमच्या ह्यांचा राक्षस बघून इथल्या आमलीच्या कारखान्यांच्या वस्तीतली दांडगी माणसंही मागे सरतात. हे मी फुशारकीनं सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनंही सांगते. एरवी हे धाग्याच्या कंपनीत मशीनवर उभे असतात. पण आमच्या धुळ्याकडच्या मंडळींनी सोंगं काढली, की मुखवटा चढवतात आणि ओळखूच येत नाहीत.

गेल्या वर्षी आमच्या कावेरीनं तो राक्षस पाहिला आणि भोकाड पसरलं. तेव्हापासून मुखवटा कपाटातून निघाला, की पोरगी पलंगाखाली. त्यात तिच्या अंगणवाडीच्या केतकीताई घरी आल्या.

"भिकादादा, आमच्या मुलांना सोंग दाखवाल? तीन-चार वर्षांची आहेत, जरा बेतानं करा."

ह्यांनी तोंड भरून हो म्हटलं. ताई गेल्यावर मात्र तोंड उतरलं. सगळ्यांसमोर स्वतःची पोरगीच किंचाळत पळाली तर? ह्यांना जेवण जाईना.

मग काटछाट सुरू झाली. तलवार गेली. ढोलवाले ललितभाऊ ताटली वाजवायला लागले. गर्जना इतकी बारीक केली, की राक्षसाला सर्दी झाली असावी असं वाटे. मी हसले तर माझ्यावरच उखडले.

घरी तालीम ठेवली. रीतीप्रमाणे हे चादरीच्या पडद्यामागे गेले, राक्षस बाहेर आला आणि कावेरी रडलीच. पण या वेळी मी तिच्याकडे नीट पाहिलं. ती राक्षसाकडे बघतच नव्हती. चादर उचलून "पप्पा? पप्पा?" करत मागे शोधत होती. मुखवटा निघाला, की बाप आत जातो आणि परत येतच नाही, एवढंच तिला कळलं होतं.

"तिना समोरच बांधा ना मुखवटा," मी म्हटलं.

"सोंग पडदामांगेच चढस. आजाफाईन रीत शे!" हे आजोबांपासूनच्या रीतीवर अडून बसले.

"मंग आजाले मनं नाव सांगा."

ह्यांनी फणकाऱ्यानं चादरीची घडी घालून ठेवली.

अंगणवाडीत हे चटईवर पोरांच्या मधोमध मांडी घालून बसले. चादर आणलीच नव्हती. पोरांनी मुखवट्याचे दात चाचपले, नाकात बोटं घातली. ह्यांनी तो चेहऱ्यावर धरला, खाली घेतला, पुन्हा धरला. मग मागची दोरी बांधायला कावेरीच्या हातात दिली. तिनं ती जीव खाऊन ओढली.

ताटली वाजली. राक्षस उठला, पाय आपटला आणि गरजला. सर्दीबिर्दी काही नाही, चांगला दणदणीत. पुढे बसलेला एक मुलगा ओठ काढून रडायच्या बेतात आला.

कावेरी कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"रडू नको. हाऊ मना पप्पा शे. दोरी मी बांधी!"

पुढची गर्जना यायला जरा वेळ लागला. मुखवट्याच्या आत काय चाललं होतं, ते बाकी कुणाला कळलं नसेल. मला कळलं. मी मान ताठ करून बघत राहिले.