शेजारचा ब्रेक

सरांनी आयुष्यात अडीच हजार लोकांना गाडी शिकवली, पण बायकोला काही शिकवली नाही. म्हणजे शिकवायला घेतली होती, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी चढावर गाडी मागे सरकली आणि शेजाऱ्यांच्या फाटकात घुसली. फाटक काय, वाकलं तसं सरळही झालं. पण सर सगळ्या आळीसमोर म्हणाले, "हिच्या हातात स्टीअरिंग म्हणजे माकडाच्या हाती कोलीत!" काकूंनी किल्ली टेबलावर ठेवली, ती बावीस वर्षं उचलली नाही. अपमान गिळता येतो हो, पचत नाही.

सरांच्या ड्रायव्हिंग स्कूलची खोली अगदी एवढीशी. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि भिंतीवर जुन्या कॅलेंडरमधून कापून चिकटवलेलं एक चित्र. चित्रात ती प्रसिद्ध गल्ली. टेकडीच्या माथ्यावरून सात वळणं घेत खाली येणारी, विटांची, दोन्ही बाजूंना फुलझाडं. नवा विद्यार्थी आला की सर त्या चित्रावर काठी टेकवून सांगत, "ही गल्ली ज्याला उतरता आली, त्याला जगात कुठेही गाडी चालवता येईल." स्वतः मात्र कधी गेले नव्हते. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता डोळ्यांत काचबिंदू उतरला.

आता समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून बघितल्यासारखं. बाजूचं सगळं गेलेलं. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली आणि पुढचंही सांगून टाकलं. उरलेली नजर किती दिवस टिकेल, याचा भरवसा नाही. स्कूलला कुलूप लागलं. पण खरी पंचाईत वेगळीच होती. सरांना दुसऱ्याच्या गाडीत बसताच येईना. पस्तीस वर्षं ते शेजारच्या सीटवर बसले होते खरे, पण तिथे त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असायचा. शिकवायच्या गाडीला असतो तसा. बिनब्रेकच्या सीटवर बसले की त्यांचा उजवा पाय नुसता गाडीचा तळ दाबायचा, घाम फुटायचा, आणि चालवणाऱ्याशी भांडण ठरलेलं. शेवटी त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. सहा महिने माणूस खुर्चीतून हलला नाही. काकूंना रात्रंदिवस एकच घोर. नजर जाईल तेव्हा जाईल, पण हा माणूस त्याआधीच घरात संपून जायचा.

म्हणून काकूंनी एक उद्योग केला. भाजी आणायला म्हणून निघायच्या आणि गाडी शिकायला जायच्या. तीन महिन्यांत लायसन्स हातात. भाजी रोज शिळीच कशी येते, असं सरांनी दोनदा विचारलंसुद्धा. आंधळ्याला कळलं असतं, पण सरांना नाही कळलं.

मग लेकीला हाताशी धरून त्यांनी त्या गल्लीला जायचं ठरवलं. सर आधी तयारच होईनात. "जायचं तर स्टीअरिंगवर. पर्यटक होऊन फोटो काढायला मी येणार नाही." लेक म्हणाली, "बाबा, नुसतं वरून बघू आणि परत येऊ. आणि आपल्या स्कूलच्याच गाडीने जाऊ." तुमचा ब्रेक तुमच्या पायाशी, असं म्हटल्यावर मात्र गडी निघाला. चार तासांच्या रस्त्यात त्याने तो ब्रेक सतरा वेळा दाबला. गाडी चालवता चालवता लेकीने मोजलं होतं.

टेकडीच्या माथ्यावर ही गर्दी! गाड्यांची रांग, आणि कठड्याला लागून फोन उंचावलेली माणसं. त्या सगळ्यात ही एक गाडी, टपावर भलामोठा 'शिकाऊ' बोर्ड असलेली. लोक बोट दाखवून हसायला लागले. रांग सरकत सरकत उताराच्या तोंडाशी आली, तशी लेक पटकन उतरली. "मी पायऱ्यांनी खाली जाऊन व्हिडिओ काढते."

"आणि गाडी कोण उतरवणार?" सर ओरडले.

मागच्या सीटवरून काकू उतरल्या, पदर खोचला आणि स्टीअरिंगसमोर येऊन बसल्या.

"अगं, तू कुठे बसतेस?"

"दिसत नाही का?" काकू बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. असं कसं गेलं तोंडातून!

"दिसतंय," सर म्हणाले. "म्हणूनच विचारतोय."

काकूंनी पर्समधून लायसन्स काढून त्यांच्या नाकासमोर धरलं. सरांनी ते जवळ घेतलं, लांब धरलं, परत जवळ घेतलं. "कोणी शिकवलं?"

"तुमच्याच विद्यार्थिनीने. तिचं आता स्वतःचं स्कूल आहे."

"ती रडूबाई?"

"तीच. आता दुसऱ्यांना रडवते."

मागून हॉर्न वाजला. परत फिरायला जागा नव्हती, रस्ता एकाच दिशेचा. सरांनी दाराच्या कडीवर हात ठेवला, मग काढला. काकूंनी पहिला गियर टाकला.

पहिलं वळण झालं. "सासूबाई नेहमी म्हणायच्या, हिला वळण नाही म्हणून," काकू म्हणाल्या. "आज सात आहेत, म्हणावं." सर हसले नाहीत. दुसरं वळण झालं. तिसऱ्याला गाडीचं तोंड सरळ फुलझाडांकडे गेलं आणि सरांनी खाडकन ब्रेक दाबला. गाडीला असा गचका बसला की काकूंचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. वर कठड्यावर हशा पिकला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

काकूंना वाटलं, आता येणार ते माकड आणि ते कोलीत. पण सर दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून समोर बघत होते. त्यांना फक्त फुलं दिसली होती. फुलांच्या शेजारून जाणारा रस्ता दिसलाच नव्हता. आपण चुकीच्या वेळी ब्रेक दाबला, हे त्यांना कळलं आणि ते फार भ्यायले. सरांना भ्यालेलं काकूंनी लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं. बावीस वर्षांचा राग जिथल्या तिथे विरला.

"सर," त्या म्हणाल्या. एरवी त्या टोमणा मारायलाच 'सर' म्हणायच्या, या वेळी तसं नव्हतं. "स्कूलमध्ये नवा मास्तर शिकवायला आला की तुम्ही त्याला काय सांगायचात? मी चहा घेऊन यायचे तेव्हा ऐकलंय."

मागचे हॉर्न वाजत होते, काकूंनी वाजू दिले.

"पाय नाही, तोंड वापरा," सर हळूच म्हणाले.

"मग वापरा की."

सरांनी घसा खाकरला. "पहिल्याच गियरवर राहू दे. उतारावर गाडीला गियर धरतो, ब्रेक नाही. आणि बॉनेटकडे बघू नकोस, पुढच्या वळणाकडे बघ. बघणार तिकडे गाडी जाणार."

"तुम्ही गाडीचं सांगा, मी बाजूचं सांगते," काकू म्हणाल्या. "उजव्या हाताला पिवळी फुलं आहेत, गुडघ्याएवढी. त्या घराच्या पायरीवर एक आजोबा बसलेत, आपल्याला हात करतायत. डावीकडे निळं दार. दारात सायकल."

"आजोबांना हात केला का तू?"

"माझे हात स्टीअरिंगवर आहेत."

"शाबास," म्हणत सरांनीच हात केला. भलत्याच दिशेला, पण केला.

चौथं वळण झालं, पाचवं झालं. सर सूचना देत होते. सहाव्याला सूचना थांबल्या. काकूंनी मात्र बाजूचं सांगणं सोडलं नाही. मांजर सांगितलं, वाळत घातलेले कपडे सांगितले, जांभळी फुलं सांगितली. शेजारून हूं की चूं नाही. रागावले की काय? का डोळे पुसतायत? मान वळवून बघायची सोय नव्हती, वळणच तसं होतं. ब्रेक मात्र तिसऱ्या वळणानंतर एकदाही लागला नव्हता.

सातवं वळण संपलं. खाली रस्ता सपाट झाला तशी काकूंनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि बावीस वर्षांचा श्वास सोडला. लेक धावत आली. "आई, काय झकास उतरवलीस गं! थांब, आधी तो बोर्ड काढते."

"राहू दे," सर म्हणाले. "शेजारी नुसतं बसायला मी आजच शिकतोय."

तेव्हा कुठे काकूंनी वळून बघितलं. सर सीटवर मांडी घालून बसले होते, जेवायला बसावं तसे, ऐसपैस. दोन्ही पाय वर. आणि पेडलखाली चप्पल ठेवायची नाही हा स्कूलचा पहिला नियम, म्हणून चपलांचा जोड मांडीवर धरला होता.

"बघतेस काय?" ते म्हणाले. "वळसा घालून परत वर घे."