लेकुरवाळीची वाट

माघ सरत आला की या डोंगराच्या माथ्यावर ऊन पिकते. पहाटे ते नुसते केशरी असते, कड्याच्या काठाशी बिचकून उभे. मग धीट होते, धूसरनील दऱ्यांत उतरते, पांगाऱ्याच्या निष्पर्ण फांद्यांवर रक्तवर्णी फुले चेतवते, काटेसावरीच्या मांसल पेल्यांतून पाखरांना मध पाजते, आणि दमून अंजनीच्या घनगर्द सावलीशी येऊन थबकते. तिथे ते दुपारपर्यंत रेंगाळते.

केवढे हे रान! म्हणजे, केवढेसे हे रान. नकाशावर बोट ठेवाल तर पेराखाली झाकून जाईल. सरकारदरबारी त्याला राष्ट्रीय उद्यान असे भारदस्त नाव आहे. पण या कड्यावर रानकोंबडा आरवला तर पल्याडच्या कड्यावरचा चिडून उत्तर देतो, एवढाच त्याचा पसारा. तरी त्या ओंजळभर हिरव्यात काय नाही? भेकराची दचकी हाक आहे, बिबट्याची निःशब्द पावले आहेत, ओढ्याकाठी शीळ घालणारा नीलश्याम कस्तुर आहे, शेवाळाने मढलेली वृद्ध खोडे आहेत आणि त्या खोडांच्या खांद्यावर बसलेली आमरीची नाजूक रोपे आहेत. लहान घरात माणसे दाटीने राहतात तशी ही सगळी राहतात. एकाचा धक्का दुसऱ्याला लागतोच.

आणि या सगळ्यांच्या वर, पानांच्या त्या हरितमंडपात, शेकरू राहते. तांबूसवर्णी, पांढुरक्या पोटाचे, झुपकेदार शेपटीचे, खारीपेक्षा कितीतरी मोठे नि खारीइतकेच चौकस. ते जमिनीवर उतरत नाही. जन्मते वर, खाते वर, निजते वर. या फांदीवरून त्या फांदीवर जाते आणि जाता जाता अर्धवट खाल्लेली फळे खाली टाकते. त्यांतून पुढच्या पन्नास वर्षांचे रान उगवते. असा हा आभाळातला माळी. भुईवर पाय ठेवायची त्याला भारी भीती.

या रानाचा राखणदार गेणू असवले. वय अठ्ठावन्न, अंगावर खाकी सदरा, कमरेला कोयता, आणि स्वभाव असा की वाटेत मुंग्यांची रांग दिसली तरी लांब ढांग टाकून जाणार. त्याची बायको ठकूबाई हिरडे वेचते. रानाच्या काठावरच्या वाडीत त्यांचे घर. चार लेकरे वाढवून, लग्ने लावून, आपापल्या वाटेला लावून आता दोघेच उरलेली. छत्तीस वर्षांच्या संसारात ठकूबाईने नवऱ्याचे नाव कधी घेतले नाही. "आवं" म्हणायची. चुलीपाशी आवं, शेताच्या बांधावर आवं, लाडात आवं आणि रागात तर त्याहून मोठ्यांदा आवं. गेणूला आपले खरे नाव पगाराच्या दिवशी तेवढे आठवायचे.

दर माघात गेणू जाळरेषा काढतो. म्हणजे उन्हाळ्यात वणवा लागला तर त्याने सबंध रान खाऊ नये, म्हणून कड्यापासून कड्यापर्यंत पंचवीस हात रुंद पट्टा मोकळा करायचा. गवत कापायचे, पाचोळा ओढायचा, वारा पडलेला बघून तो जाळून टाकायचा. आग येते, मोकळ्या पट्ट्याशी थांबते, उपाशीपोटी विझते. पण वाडीच्या जुन्या माणसांची एक रीत होती. पट्टा खाली कितीही रुंद करा, वर एक फांदी जोडलेली ठेवायची. अल्याडच्या जांभळीची एक लांब फांदी पल्याडच्या हिरड्याला जाऊन टेकायची, तिला कुणी कोयता लावायचा नाही. ती शेकराची वाट.

ही रीत गेणूने तीस वर्षे पाळली. मग गेल्या फाल्गुनात वणवा आला, पट्ट्याशी थबकला, आणि वर बघून हसला म्हणा ना! जांभळीची ती फांदी म्हातारी झाली होती, अर्धी वाळली होती. तिच्यावरून आग शेपटी उडवीत अल्याड आली. अंजनीची सबंध उतरण एका दुपारी काळी झाली. संध्याकाळी गेणू घरी आला तो टोपीत रानकोंबडीची भाजलेली अंडी घेऊन. ठकूबाईने ती अंडी परसात पुरली, आणि तो म्हातारा माणूस भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखा रडला.

म्हणून यंदा त्याने ती फांदी तोडली. स्वतः चढला, स्वतःच्या कोयत्याने तोडली. रानावरच्या मायेपोटीच तोडली हो! फांदी पडली तेव्हा वर आभाळाची एक निळी भेग पडली. गेणू खाली उतरला, घाम पुसला आणि म्हणाला, "आता ये म्हणावं वणव्याला."

तिसऱ्या प्रहरी ठकूबाई हिरड्याचे पोते घेऊन तिथे आली आणि जागच्या जागी थिजली.

जांभळीच्या दुबेळक्यात पानांचे एक गोल घरटे होते, आणि घरट्यातून बारीक आवाज येत होता. चिर्र, चिर्र, चिर्र. अविरत, अधीर, भुकेला. पल्याड हिरड्याच्या शेंड्यावर एक शेकरी धावत होती. फांदीच्या टोकापर्यंत यायची, पुढचे पाय उचलायची, मागे फिरायची. सकाळी कोयत्याच्या आवाजाला भिऊन ती पल्याड पळाली होती, आणि ती पळाल्यावर तिची वाट तुटली होती. तिची उडी फार तर बारा हातांची. मधे होते पंचवीस हात आभाळ, आणि खाली सकाळीच जाळलेल्या पाचोळ्याची ऊन ऊन राख.

गेणूने वर पाहिले. घरटे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. पण यंदा ते रिकामे असेल, असे तो धरून चालला होता. शेकराची चार-पाच घरटी असतात, त्यांतले एखादेच नांदते. बघायचे राहिले. तीस वर्षांत एकदाच बघायचे राहिले.

"आवं," ठकूबाई म्हणाली, "लेकुरवाळीची वाट तोडलीत तुमी."

एवढेच बोलली, आणि अबोला धरला.

ठकूबाईचा अबोला म्हणजे काही मौन नव्हे, बरं का. घरात बोलणे होतेच. फक्त ते कोंबडीशी होते. "ए ठिपके," ती ताटली आपटून म्हणाली, "सांग त्यान्ला, भाकर झाकून ठिवलीया. दुसऱ्याच्या लेकराची भूक कळंना, तर आपली तरी कळू दे."

"ठिपके," गेणू कोपऱ्यातून म्हणाला, "तिला म्हणावं, मला काय हौस हुती का?"

ठिपकीने दोघांकडे एकेक डोळा करून पाहिले आणि ती दाणे टिपत राहिली. भाकरीला कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेणूने गोठ्यातला लांब दोर नेला, जांभळीला बांधला, हिरड्याला बांधला, ताणून पक्का केला. शेकरी आली. वास घेतला. दोराला म्हशीचा वास, माणसाच्या हाताचा वास. तिने एक पाय ठेवला, दोर पिळवटला, आणि ती कर्कश खडखडाट करीत शेंड्यावर परत गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली. घरट्यातला आवाज चालूच होता, पण कालच्यापेक्षा बारीक झाला होता. चिर्र. मग जरा वेळाने, चिर्र.

आणि दुपारी मोरघार आली. तुरेवाली, पिंगटनेत्रा, रुंदपंखी. तिने निळ्या भेगेत दोन वेढे घातले आणि समोरच्या वठल्या ऐनाच्या झाडावर येऊन बसली, पाहुणी ओटीवर बसते तशी निवांत. आता काय करावे माणसाने? धोंडा मारावा तर तीही याच उद्यानाची, तिलाही कुठेतरी पिलू असणार. गेणू नुसता पट्ट्यात उभा राहिला, डोक्यावर ऊन, तळव्याखाली राख, आणि टोपी हलवीत राहिला. "जा बाई, दुसरीकडं जा," हात जोडून विनवीत राहिला. सूर्य कलला तेव्हा ती उडाली. गेणूचा खांदा इतका भरून आला होता की टोपी डोक्यावर ठेवायला त्याला दोन्ही हात लागले.

हे सगळे ठकूबाईने कारवीच्या आडून पाहिले होते. कोंबडीलाही त्यातले काही सांगितले नाही.

तिसऱ्या दिवशी गेणू उठला तर चूल गार आणि घरात कुणी नाही. तो धापा टाकीत जाळरेषेवर गेला. जांभळीच्या बुंध्याशी ठकूबाई होती, लुगड्याचा काचा मारलेली, आणि ती गारंबीचा वेल सोडवीत होती. हातभर लांब शेंगा धरणारा तो महावेल, मनगटाएवढा जाड, शेजारच्या तीन झाडांना विळखे घालून वर गेलेला. तिने तो तोडला नव्हता. मूळ मातीत तसेच ठेवून एकेक विळखा हाताने उकलीत होती. बोटांची सालटी निघाली होती.

गेणू बघतच राहिला. जिवंत वेल! ओला, रसरशीत, हिरव्या गाभ्याचा. वाळक्या फांदीवरून वणवा आला. या ओल्या वेलावर चढायला गेला तर हात पोळेल त्याचाच. त्याला हे तीस वर्षांत सुचले नव्हते, आणि ही बाई, हिरडे वेचणारी, दोन दिवस त्याच्याशी न बोलणारी, इथे एकटी बसून तेच करीत होती. त्याला तिचे पाय धरावेसे वाटले. पण अबोल्यात पाय कसे धरणार? त्याने वेलाचे दुसरे टोक धरले.

मग दोघे कामाला लागली. तो जांभळीवर चढला, ती हिरड्यावर; उभा जन्म हिरड्यांवर गेलेला, साठीच्या उंबऱ्यावरही तिची पावले खाच विसरली नव्हती. कालचा म्हशीचा दोर आज उपयोगी पडला. त्याला वेलाचे टोक बांधले आणि तिने पल्याडून ओढले. इंच इंच, हात हात, हिरवा वेल त्या निळ्या भेगेवरून सरकत गेला. तिने तो हिरड्याच्या फांदीला दोन वेढे घालून गुंतवला. दोर सोडून घेतला.

आणि दोघे कारवीच्या आड येऊन बसली. मधे दोन हात अंतर ठेवून.

ऊन डोक्यावर आले. पांगाऱ्याची फुले पेटली. कुठेतरी तांबट ठोक ठोक करीत होता. घरट्यातून आता फार वेळाने एकदा आवाज येई, धाग्याएवढा. चिर्र. गेणू प्रत्येक आवाजानंतर श्वास रोखी, आणि पुढचा येईपर्यंत सोडत नसे. आपल्या कोयत्याने एक पोर उपाशी मरतेय, हे त्याला दुसरे काही सुचूच देत नव्हते.

शेकरी आली. हिरड्याच्या फांदीवरून, वेढ्यांपर्यंत. वास घेतला. वेलाला रानाचा वास होता, मुंग्यांचा वास होता, जांभळीच्या सालीचा वास होता. तिने एक पाय ठेवला. वेल हलला. दुसरा ठेवला. शेपटी डावीकडे गेली, उजवीकडे गेली, तोल राहिला. आणि मग ती तांबूस, थरथरती, झुपकेदार ज्योत त्या हिरव्या रेषेवरून सरळ निघाली. दहा हात. पंधरा हात. तिथे थांबली, खाली राख पाहिली. ठकूबाईच्या तोंडून निसटले, "चल माझे बाई, चल."

ती चालली. जांभळीला पोचली. घरट्यात शिरली.

आवाज थांबला.

गेणू ऐकत राहिला. काहीच नाही. पान हलले, तांबट गप्प झाला, तरी काहीच नाही. धाग्याएवढासुद्धा आवाज नाही. उशीर झाला, त्याला वाटले. एका सकाळचा उशीर झाला. त्याने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली, आणि त्याची मान खाली गेली.

मग ते दोन हात अंतर सरकले. सालटी निघालेला, चिकाने काळा झालेला एक हात त्याच्या हातावर आला. चार लेकरांना पाजून मोठे केलेल्या त्या बाईला ती शांतता नीट ओळखीची होती.

"आवं," ठकूबाई हळूच म्हणाली, "पितंय ते."

वर निळ्या भेगेत वेल अजून हलत होता. हलत होता, मंद होत होता, निवत होता.