साहेबांसाठी अंथरलेली वाट

ओहोटी

वनखात्याचे साहेब दुपारच्या ओहोटीला येणार होते. सकाळपासून धोंडुबाईच्या मनात एकच होतं, त्यांना जुना बांध दिसला पाहिजे. बांध दिसला तर इथं शेत होतं हे पटेल. ते पटलं तर बांधाला पडलेलं भगदाड, ती खांड, बुजवायची परवानगी मिळेल. खाडीचं पाणी हटेल. मग भात...

भाताचं पुढं. आधी बांध.

त्याआधीची भरती

बांधाबाहेरची तिवरं, खाऱ्या पाण्यातली ती झाडं, तिनं आणि नवऱ्यानं, हैबतरावानं, लावली होती. लाटा अंगावर घ्यायला. एका उधाणात बांधाला खांड पडली. एरवी अख्खा गाव चिखलाचे गोळे हातोहात देत खांड भरून काढायचा. त्या साली कोणी चिखलाला हात लावला नाही. कुठलीशी कंपनी जमीन घेणार अशी आवई होती. विकायच्या जमिनीत कोण राबणार?

कंपनी आली नाही. पाणी आलं. पाण्यामागून तिवरं आत आली. मग कायदा आला. तिवर दिसेल तिथं जंगल. सातबारा धोंडुबाईचा, झाडं सरकारची. पेणच्या कचेरीत चपला झिजवल्या तेव्हा कुठं आजची पाहणी लागली.

पुन्हा ओहोटी

"वयनी, साहेब बूट घालून येनार," तिचा दीर नाथा म्हणाला. "गुडघाभर रुतला तं खांडीपर्यंत पोचायचा नाय."

"मग वाट घाल."

चिखलातून पाहुणा आणायचा तर फांद्या अंथरायच्या, ही इथली रीत. होडीतून उतरलेली नवरीसुद्धा अशाच वाटेनं गावात यायची. नाथानं कोयता घेतला आणि हाताशी होतं ते तोडलं.

साहेब कोरड्या बुटांनी खांडीपर्यंत गेले. धोंडुबाईनं पायानं चिखल सारून बांधाचे दगड उघडे केले.

"बांध आहे की," साहेब म्हणाले.

झालं काम, असं तिला वाटलं.

साहेब स्वतःच्या पायांखाली बघत राहिले.

खांड

"या फांद्या कशाच्या?"

"तिवराच्या. तुमच्यासाठीच घातल्यात."

साहेब वाईट नव्हते. "मावशी, निदान माझ्यासाठी तरी नको होतं," म्हणाले. पण सोबतचा वनरक्षक फोटो काढत होता आणि फोटो तिथून थेट वर जात होते. नाथावर गुन्हा लागला. तो निकाली निघेपर्यंत परवानगीचा विषय बंद. फांद्या जप्त, पण जीपमध्ये मावेनात, म्हणून धोंडुबाईच्याच ताब्यात.

"वाहून जाऊ देऊ नका. चौकशीला रोह्याच्या मोठ्या कचेरीत दाखवाव्या लागतील."

एवढं सांगून ते त्याच फांद्यांवरून परत गेले. दुसरी वाट नव्हती.

भरती

खांडीतून पाणी आत शिरलं. धोंडुबाईनं आणि नाथानं फांद्या गोळा केल्या, भारे बांधले, डोक्यावर घेतले. या वाटेनं भाताचा भारा न्यायची सवय अंगात तशीच होती. धोंडुबाईची मान आपोआप ताठ झाली.

शेजारची बायजा दारात बसली होती. "काय गो, पीक आलं वाटतं?"

"आलं गो. सरकारी हाय. हात नको लावू."

भाताची कणगी असायची त्या कोपऱ्यात तिनं भारे रचले. तिवराचा पाला शेळ्यांना फार आवडतो. बायजाच्या दोन शेळ्या अंगणात येऊन उभ्याच होत्या.

धोंडुबाई काठी घेऊन राखणीला बसली.